आरोग्य संस्थेच्या बोर्डावर खजिनदार म्हणून बोलावलंय, जावं का?

तापीकाठचा_आप्पा

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी बँकेतून रिटायर झालो, मुक्काम अमळनेर. ओळखीतल्या एका संस्थेने (नाव लिहीत नाही, कोणी अंदाजही लावू नका प्लीज) मला ट्रस्टी व्हा आणि खजिनदारपद घ्या म्हणून गळ घातलीय. संस्था नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात काम करते, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), कुपोषण, जोखमीची बाळंतपणं असं सगळं. काम खोटं नाही, मी वर जाऊन बघून आलोय, त्यांच्या पोरी पावसाळ्यात जिथे जीप जात नाही तिथे पायी जातात.

पैसा बराचसा बाहेरून येतो. युरोपातली एक मोठी आरोग्य संस्था आहे, आफ्रिकेत पण त्यांचं काम आहे, ती अनुदान देते. आता त्यांनी कळवलंय की पुढचं अनुदान हवं असेल तर बोर्ड नीट करा, गव्हर्नन्स सुधारा. म्हणून माझ्यासारखा बाहेरचा माणूस शोधताय.

सध्याची परिस्थिती अशी की संस्थापक डॉक्टरसाहेब (सगळे दादा म्हणतात) अध्यक्ष, रोजचं कामही तेच बघतात, चेकवर सही पण त्यांचीच. वहिनी सचिव. सात जणांपैकी चार घरचे. मी विचारलं की शेवटची मीटिंग कधी झाली, तर म्हणे आपण रोज भेटतोच ना. नंतर कळलं की प्रोसिडिंग बुक (मीटिंगच्या नोंदींची वही) घेऊन माणूस घरोघरी फिरतो आणि सह्या घेतो.

तर उद्या काही लफडं झालं तर खजिनदार म्हणून माझी मान किती अडकते? आणि अशा बोर्डावर जाऊन एकटा माणूस काही करू शकतो का, की नुसतं लेटरहेडवर नाव?

शेवभाजी_जिंदाबाद

आप्पा, खुर्ची भेटी ऱ्हायनी तं बठी जा, इतला इचार कसाले करतस? 😄

सीए_पारोळा

वरच्या भाऊंचं ऐकू नका 😄

आप्पा, हो म्हणायच्या आधी शेड्यूल 1 चा उतारा मागा. धर्मादाय ऑफिसच्या रेकॉर्डवर आज विश्वस्त कोण आहेत ते त्यात दिसतं. संस्था तोंडी काहीही सांगेल, उतारा काय सांगतो ते बघा. आपल्याकडचा 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे त्याच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त बदलले की 90 दिवसात चेंज रिपोर्ट टाकायचा असतो. लोक टाकत नाहीत, किंवा टाकतात आणि पाठपुरावा करत नाहीत. वारलेले लोक अजून विश्वस्त म्हणून उताऱ्यावर आहेत असे ट्रस्ट मी या डोळ्यांनी बघितलेत.

मान अडकण्याबद्दल. ‘मला माहीत नव्हतं’ हे खजिनदाराला म्हणता येत नाही. हिशेब वेळेवर न देणं, पैशाचा गैरवापर, कर्तव्यात कसूर, यासाठी धर्मादाय आयुक्त कलम 41ड खाली विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूही शकतात. मीटिंगमध्ये एखादी गोष्ट पटली नाही तर तोंडी कुरकुर करून उपयोग नसतो, माझा विरोध नोंदवा असं म्हणायचं आणि पुढच्या मीटिंगला ते इतिवृत्तात आलंय का ते वाचायचं. घरी आलेल्या बुकावर सही तर अजिबात करायची नाही, कारण त्या सहीचा अर्थ मी हजर होतो असा होतो आणि तुम्ही तर भाजी निवडत बसलेले असता.

परदेशी पैसा आहे म्हणजे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) आलं. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी उतरतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. हे तिन्ही मुद्दे खजिनदाराच्याच टेबलावर येतात. संस्थेची जागा असेल आणि ती विकायची टूम निघाली तर कलम 36 ची आधी परवानगी, ते वेगळंच.

शिरपूरची_सून

सीएसाहेबांचं सगळं मान्य, पण एक विचारू? या दादांनी बायकोच्या नावावरचं घर गहाण टाकून दवाखाना उभा केला असेल, निम्मं आयुष्य डोंगरात काढलं असेल, आणि आता युरोपातून मेल आला की बोर्ड नीट करा. नाशिक-पुण्याचे चार लोक येणार, एसी हॉटेलात मीटिंग, पीपीटी, आणि कोणी तोरणमाळच्या पुढे पाय ठेवलेला नसणार. मी एका संस्थेत अकाउंट्सला होते (नाव नको), तिथे असंच ‘प्रोफेशनल बोर्ड’ आणलं होतं, त्यांनी पहिली दोन वर्षं लोगो बदलण्यात घालवली. घरचे लोक असले म्हणजे चोरच असतात का?

सीए_पारोळा

चोर कोणी म्हटलं नाही ताई. पण लग्नात आहेर लिहिणारा वेगळा आणि पाकिटं ठेवणारा वेगळा असतो, तो काय पाव्हण्यांवर अविश्वास म्हणून? दादांनी काम चालवावं, पगार घ्यावा, सन्मानाने घ्यावा. त्यांचं काम तपासणारा अध्यक्ष मात्र दुसरा असावा. आत्ता दादा दादांना रिपोर्ट करतात.

भुसावळ_जंक्शन

आप्पा, मी गेली बरीच वर्षं जिनिव्हात सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे, मूळ भुसावळ, त्यामुळे थोडं मोठ्या लोकांचं सांगतो. बाहेरच्यांचं सगळं चोख असतं असा गैरसमज काढून टाका आधी.

गेट्स फाउंडेशन घ्या. जगाच्या आरोग्यावर एवढा पैसा ओतणारी संस्था, पण कित्येक वर्षं विश्वस्त तीन, नवरा, बायको आणि वॉरन बफे. 2021 मध्ये घटस्फोट जाहीर झाला, त्याच वर्षी बफे बाहेर पडले, तेव्हा कुठे 2022 च्या जानेवारीत बाहेरचे लोक घेतले. झिम्बाब्वेचे उद्योजक स्ट्राइव्ह मासियिवा, तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स चालवणाऱ्या मिनूश शफिक वगैरे. नंतर आपले आशिष धवन पण आले. म्हणजे तुमच्या दादांचं बोर्ड अगदीच जगावेगळं नाही.

याच्या उलट टोकाला ग्लोबल फंड. एड्स, टीबी, मलेरियाचा पैसा देतो, 2002 पासून. बोर्डावर मत देणाऱ्या 20 जागा. दहा देणाऱ्यांच्या बाजूला, म्हणजे श्रीमंत देश, खाजगी फाउंडेशन, कंपन्या. दहा राबवणाऱ्यांच्या बाजूला, त्यात सात विकसनशील देशांच्या प्रदेशांच्या आणि तीन स्वयंसेवी क्षेत्राच्या, आणि त्या तिनातली एक खास त्या आजारांसोबत जगणाऱ्या लोकांसाठी. एकमत झालं नाही तर दोन्ही गटांत वेगवेगळे दोन तृतीयांश लागतात. ही मेख लक्षात घ्या, सगळे देणारे एका बाजूला झाले तरी घेणाऱ्यांना डावलून ठराव होत नाही. नुसतं सल्लागार मंडळावर नाव टाकून फोटो काढणं आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गिरणामाई

छान माहिती, वाचनखूण साठवली. पण एवढं बोर्ड असून ग्लोबल फंडात घोटाळा झालाच होता ना?

भुसावळ_जंक्शन

झाला होता. काही आफ्रिकन देशांतल्या अनुदानात गैरव्यवहार सापडला, माली, मॉरिटानिया, जिबुती, झाम्बिया. पण शोधला कोणी? त्यांच्याच महानिरीक्षकांच्या ऑफिसने, आणि रिपोर्ट त्यांनी स्वतः वेबसाइटवर टाकले होते. 2011 च्या जानेवारीत एका वृत्तसंस्थेने ते उचलले आणि जगभर बोंब झाली. फंडाचं म्हणणं होतं की एकूण 13 अब्ज डॉलरमधले 3 कोटी 40 लाखांचं हे प्रकरण आहे, पण जर्मनी, स्वीडनने पैसा थांबवला, वर्षअखेर अनुदानाची अकरावी फेरीच रद्द करावी लागली, 2012 मध्ये कार्यकारी संचालक मिशेल काझात्चकिन राजीनामा देऊन गेले.

शिरपूरची_सून

बघा! म्हणजे खरं सांगितलं की मार खायचा. आमच्याकडे लपवणारे मजेत आहेत.

भुसावळ_जंक्शन

ताई, लपवणाऱ्यांचं पण ऐका मग. ऑक्सफॅम, ब्रिटनची मोठी मदत संस्था. 2010 च्या हैतीच्या भूकंपानंतर त्यांच्या तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी केलेलं लैंगिक शोषणाचं प्रकरण. 2011 ला आतल्या आत चौकशी झाली, तिथल्या प्रमुखाला राजीनामा देऊन जाऊ दिलं. 2018 च्या फेब्रुवारीत पेपरात आलं. मग उपप्रमुख बाई गेल्या, प्रमुखांनी पद सोडायचं जाहीर केलं, हजारो देणगीदारांनी महिन्याची देणगी बंद केली, आणि 2019 मध्ये ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने अधिकृत ताकीद दिली. 2011 ला नीट उघड केलं नाही हा त्यातला एक ठपका. ग्लोबल फंड मात्र दोन वर्षांत पुन्हा उभा राहिला, आज पण मोठा आहे.

मोलगीचा_पोऱ्या

सगळं वाचलं. जिनिव्हा झालं, लंडन झालं, आता आमच्याकडे या.

आप्पा, तुमच्या सात ट्रस्टींमध्ये चार घरचे, उरलेले तीन कोण? पावरा आदिवासी आहे एखादा? भिल्ल? सिकलसेलचा पेशंट किंवा त्याची आई? नाही ना. माझ्या घरात सिकलसेल आहे. आमच्याकडे किती संस्था आल्या, रक्त घेतलं, कार्ड दिली, पिवळं कार्ड म्हणजे काय आणि पांढरं म्हणजे काय ते सांगायला परत कोणी आलं नाही. कोणत्या गावात आधी जायचं, गोळ्या महिन्याच्या द्यायच्या की पंधरा दिवसाच्या, हे सगळं नंदुरबारला ठरून येतं. पंधरा दिवसाच्या गोळ्यांसाठी माणसाने अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून खाली यायचं का, हा प्रश्न बोर्डावर कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही, कारण तिथे मजुरी बुडणारा कोणी नाही.

आणि एक घेतात तेव्हा कसा घेतात ते पण सांगतो. आमच्या गावच्या एका काकांना एका संस्थेने सदस्य केलं होतं. मीटिंग नाशिकला, कागद इंग्रजीत, जेवण झकास. ते गप्प बसून यायचे. तीन मीटिंगनंतर गेलेच नाहीत. संस्थेने लिहिलं, स्थानिक सदस्य अनुत्सुक.

धुळेकर_ताई

पोऱ्या, अगदी. टाळी. मी बावीस वर्षं या क्षेत्रात आहे आणि हे असंच चालतं.

नुसतं लोकल मेंबर घ्या म्हणून होत नाही. एक घेतला की तो एकटा पडतो, किमान दोन घ्या, त्यातली एक बाई, आणि त्यांना दादांनी निवडायचं नाही, गावांनी किंवा पेशंटच्या गटाने निवडायचं. ग्लोबल फंडाच्या देशपातळीवरच्या समितीत हाच नियम आहे, आजार असलेल्यांचा प्रतिनिधी त्यांच्या गटानेच पाठवायचा. कागद मराठीत आणि आठ दिवस आधी. मीटिंग पावरी-भिलोरीत पण बोलता येईल अशी. मजुरी बुडते ती भरून द्यायची, त्याला मानधन म्हणा नाहीतर प्रवासखर्च, पण द्यायची, आणि ठरावात लिहून द्यायची, नाहीतर उद्या ऑडिटर विचारेल. मीटिंग धडगावला, बाजाराच्या दिवशी. लोक तसेही येतात.

यावर मला नेहमी उत्तर मिळतं की ‘त्यांना बॅलन्सशीट कळत नाही’. नसेल कळत. तुमच्या बोर्डावरच्या किती डॉक्टरांना कळते?

सीए_पारोळा

+1. ज्यांना कळत नाही तेच जास्त ‘सगळं बराबर शे’ म्हणतात 😄

भुसावळ_जंक्शन

ताई आणि पोऱ्या म्हणताय ते जगभर तसंच आहे. ग्लोबल हेल्थ 50/50 नावाचा एक गट आहे, त्यांनी 2022 मध्ये जागतिक आरोग्याच्या संस्थांच्या बोर्डांवरच्या दोन हजारावर जागा तपासल्या. सुमारे 75 टक्के जागांवर श्रीमंत देशांचे नागरिक. गरीब देशांतल्या बायका किती? जवळपास 1 टक्का. आणि या संस्थांचं बरंचसं काम कोणासाठी असतं, तर त्याच बायकांसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी. म्हणजे आप्पा, ज्या युरोपच्या संस्थेने तुम्हाला बोर्ड सुधारा म्हटलंय, त्यांना पण नम्रपणे विचारा की तुमच्या बोर्डावर भारतातलं, आफ्रिकेतलं कोण आहे आणि त्याला मत आहे का.

चांगलं उदाहरण पण देतो. डीएनडीआय म्हणून संस्था आहे, दुर्लक्षित आजारांवर औषधं काढते, काळा आजार, झोपेचा आजार वगैरे. 2003 मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांतच आपली आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), ब्राझील, केनियाच्या संस्था आणि मलेशियाचं आरोग्य मंत्रालय होतं, आणि बोर्डावर पेशंटचा प्रतिनिधी असतो. शिरपूरच्या ताईंना अजून एक, एड्सच्या पेशंटनी 1983 मध्येच अमेरिकेत डेन्व्हरला जाहीरनामा काढला होता की आम्हाला बळी म्हणू नका, निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर, संस्थांच्या बोर्डावर सुद्धा घ्या. तेव्हा औषध पण नव्हतं.

गिरणामाई

दादांनंतर कोण हा प्रश्न कोणी विचारला का? माझा अनुभव, अशा संस्था संस्थापकासोबत संपतात. किंवा पोराकडे जातात आणि मग त्या जागेवर मंगल कार्यालय होतं.

भुसावळ_जंक्शन

बांगलादेशच्या ब्रॅकचं बघा. फजले हसन आबेद यांनी 1972 मध्ये सुरू केली, जगातल्या सर्वात मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक. 2019 च्या ऑगस्टमध्ये, वय 83, त्यांनी अध्यक्षपद सोडून दुसऱ्यांच्या हातात दिलं, पुढची घडी बसवून दिली, आणि डिसेंबरमध्ये गेले. हातात चार महिने होते असं वाटेल पण तयारी कित्येक वर्षांची होती.

आणि तयारी करूनही फसतं. लसींसाठी पैसा देणाऱ्या गावी (Gavi) या संस्थेने 2023 च्या फेब्रुवारीत नायजेरियाचे मुहम्मद पाते यांना प्रमुख म्हणून निवडलं, त्यांनी जूनमध्ये नाही म्हणून कळवलं, मायदेशी मंत्री झाले. बोर्डाने आतल्याच माणसाला हंगामी बसवलं, 2024 च्या मार्चमध्ये सानिया निश्तर आल्या. मधल्या काळात लसी थांबल्या नाहीत, बोर्ड जागेवर असलं की एवढं होतं.

तापीकाठचा_आप्पा

मंडळी, उशीर झाला, घरी कानबाईचे रोट होते, पाव्हणे सगळे.

मधल्या काळात दादांना भेटलो. कागद मागितले तर चेहरा पडला, म्हणे आप्पा तुमचा विश्वास नाही का. वहिनींनी मात्र लगेच फाईल काढून दिली, मला वाटतं त्यांनाच जास्त ताण आहे, सचिव म्हणून सह्या त्यांच्या आहेत ना. ऑडिट रिपोर्ट दरवर्षीचे आहेत, बरे आहेत. एक गोष्ट सापडली, संस्थेच्या तिन्ही जीप भाड्याच्या आहेत आणि त्या दादांच्या मेहुण्याच्या, जे स्वतः ट्रस्टी आहेत. दर बाजारभावापेक्षा जास्त नाही, मी धडगावला दोघांकडे विचारलं. उलट थोडा कमीच.

मग यात चूक काय, असं दादा विचारतात. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

सीए_पारोळा

दर कमी असला तरी कागद हवा. ट्रस्टी आणि त्यांचे नातेवाईक यांना संस्थेच्या पैशातून अवाजवी फायदा गेला तर आयकरात सूट धोक्यात येते. दर वाजवी आहे हे सिद्ध करायची वेळ संस्थेवर येणार, तेव्हा तुमच्याकडे काय असणार, ‘आप्पांनी धडगावला विचारलं होतं’? तीन कोटेशन घ्या, मेहुण्यांनी लेखी सांगावं की या व्यवहारात माझा हितसंबंध आहे, तो विषय आला की बाहेर जाऊन बसावं, मत देऊ नये, आणि हे सगळं इतिवृत्तात. त्यांच्याच जीप ठेवायच्या असतील तर ठेवा, पण ठरवणारे ते नसावेत. दादांना हेच सांगा, यात मेहुण्यांचं पण भलं आहे.

शिरपूरची_सून

हे पटलं. मी मघाशी जरा चिडून लिहिलं होतं पण घरच्यांना काढा असं कोणी म्हणत नाहीये हे बरं वाटलं. आप्पा, वहिनींशी वेगळं बोला. माझा अंदाज, बदल त्याच घडवतील.

शेवभाजी_जिंदाबाद

मेव्हना बाहेर बठाडा तं घरमा दादाले जेवाले भेटाव नही 😄😄

तापीकाठचा_आप्पा

😄 ते पण आहेच.

बरं, मी सध्या असं कळवलंय. लगेच ट्रस्टी होत नाही. पुढच्या मीटिंगला निमंत्रित म्हणून बसतो, मत नाही, सही नाही. मीटिंग खरोखर भरली पाहिजे, अजेंडा आठ दिवस आधी, मराठीत. चेकवर दोन सह्या आणि त्या एका घरातल्या नकोत. अध्यक्ष वेगळा हवा, यावर दादा सहा महिने द्या म्हणाले, ते मी मान्य केलं, पण ठरावात तारीख टाकून. आणि गावाकडून निवडलेले दोन सदस्य, यावर दादा लगेच हो म्हणाले, मला आश्चर्यच वाटलं, म्हणे मलाच कधीपासून करायचं होतं पण संस्थेच्या घटनेत सातच जागा आहेत.

मोलगीचा_पोऱ्या

सात आहेत तर घरचे दोन कमी करा की. घटना दुरुस्त करण्यात दोन वर्षं जातील, तोवर आम्ही निमंत्रित का?

धुळेकर_ताई

बरोबर. आप्पा, हे सोडू नका. दोन घरच्यांनी राजीनामा दिला तर जागा याच महिन्यात रिकाम्या होतात, घटनेला हात लावायची गरजच नाही. फक्त रिक्त जागा कशी भरायची ते घटनेत काय लिहिलंय ते वाचा.

तापीकाठचा_आप्पा

पोऱ्या, मुद्दा घेतला, उद्याच बोलतो. मेहुणे तर स्वतःच सुटका मागतील असं वाटतंय. मीटिंगला तू येशील का? तुझ्या भागातून कोण निवडायचं हे कसं ठरवायचं ते मला तरी माहीत नाही.

सीएसाहेब, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, शेड्यूल 1 चा उतारा जोडलाय. दुसऱ्या पानावर खाली एक शेरा आहे तो वाचता येत नाहीये.

मोलगीचा_पोऱ्या

येतो. पण आधी गावात पाड्या-पाड्यावर बोलावं लागेल, सरपंचाला विचारून दोन नावं लिहून देणं मला जमणार नाही. एक महिना द्या. आणि आशाताईंचं नाव कोणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका, त्या चांगल्या आहेत पण संस्थेकडून त्यांना पैसे मिळतात.

सीए_पारोळा

आप्पा, उतारा बघितला. तो शेरा म्हणजे जुना चेंज रिपोर्ट अजून प्रलंबित आहे. वहिनींचं सचिव म्हणून नाव रेकॉर्डवर चढलेलंच नाही, तिथे आधीचे सचिवच दिसतायत. संस्थेच्या वकिलांना फोन करून पुढची तारीख कधीची आहे ते विचारा, आणि ते निस्तरेपर्यंत बँकेच्या सहीत तुमचं नाव टाकू देऊ नका.